कंपनी मोठी होते ती कशाने? रचना आणि कार्यसंस्कृतीबद्दल कास्तकारांच्या कंपन्यांचे नेहमीचे प्रश्न

विदर्भातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि सीईओ, बचतगटांच्या प्रभागसंघातल्या ताई, तालुक्याच्या कॉलेजातली कॉमर्सची पोरं यांच्याकडून प्रशिक्षणात हे प्रश्न येत राहतात. बरेचसे विचारले तसेच ठेवले आहेत.

आमची सहाशे सभासदांची कंपनी. अमूल, टाटा आन् जनरल मोटर्सच्या गोष्टी आमाले काहून सांगून राह्यले?

तुमच्यापुढे आत्ता जी अडचण आली आहे, ती त्यांना आधी येऊन गेली म्हणून. दहा जणांच्या गटाला रचना लागत नाही. संध्याकाळी पारावर बसलं की कुणाच्या घरात किती तूर आहे, कुणाचा चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) राहिला, हे सगळ्यांना माहीत असतं. सहाशे झाले की हे आपोआप होणं थांबतं. चणा मागच्या आठवड्यात कोणत्या भावाने गेला हे चौथ्या गावातल्या सभासदाला कळत नाही. तिसऱ्या गावातला काटा पोत्यामागे वजन मारतो हे संचालक मंडळाला कळत नाही. आता माहितीला मुद्दाम रस्ता करून द्यावा लागतो.

अमेरिकेतल्या डब्ल्यू. एल. गोर या कंपनीचे संस्थापक बिल गोर एका कारखान्यात दीड-दोनशेच्या वर माणसं वाढू देत नसत. वाढली की शेजारी दुसरा कारखाना. एवढी माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात, त्यापुढे ओळख संपते, असा त्यांचा अनुभव होता. तुम्ही ती हद्द केव्हाच ओलांडली आहे.

रचना म्हणजे नेमकं काय, आणि संस्कृती म्हणजे काय?

मालाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरने ओल्या सोयाबीनची पोती परत पाठवली आणि ती अध्यक्षांच्या साळ्याची निघाली, असं समजा. ग्रेडर कुणाला जबाबदार आहे, सीईओला की त्या गावच्या संचालकाला, हा रचनेचा प्रश्न. पोती परत पाठवल्यानंतर पुढच्या हंगामात तो ग्रेडर नोकरीवर दिसतो की नाही, हा संस्कृतीचा.

पुस्तकांत लांबलचक व्याख्या सापडतील. कामापुरतं मी एवढंच पाहतो : वाईट बातमी निर्णय घेणाऱ्यापर्यंत किती दिवसांत पोचते, आणि ती आणणाऱ्याचं पुढे काय होतं. पहिलं बरंचसं रचनेवर ठरतं, दुसरं संस्कृतीवर. पुढची बहुतेक उत्तरं याच दोन गोष्टींभोवती फिरतात.

दोन्हीत जास्त महत्त्वाचं कोणतं?

एकाच कंपनीचं उदाहरण घेऊ. आल्फ्रेड स्लोन १९२३ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. शेवरोलेट, ब्यूइक, कॅडिलॅक असे विभाग त्यांनी स्वतंत्र ठेवले. गाडी कशी बनवायची, कशी विकायची हे विभाग ठरवणार. पैसा कुठे गुंतवायचा आणि कोणत्या विभागाची कामगिरी कशी आहे, हे मुख्यालय आकड्यांवरून पाहणार. या रचनेच्या जोरावर त्यांनी फोर्डला मागे टाकलं. पुढे जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी ती उचलली.

त्याच कंपनीला २०१४ मध्ये इग्निशन स्विचच्या दोषापायी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. धक्का लागला की चावी फिरायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं आणि अपघातात एअरबॅग उघडायची नाही. कंपनीच्याच भरपाई योजनेत १२४ मृत्यू मान्य झाले. कंपनीतल्या काहींना दहा वर्षांपासून याची कल्पना होती. चौकशी अहवालात तिथली एक सवय नोंदवली आहे, ‘जीएम नॉड’ : बैठकीत सगळे मान डोलावतात, उपाय ठरतो, आणि खोलीबाहेर पडल्यावर तो करायची कुणाचीच तयारी नसते. तक्ता, समित्या, विभाग सगळं जागेवर होतं. बातमीही आत होती. ती एका समितीतून दुसरीत फिरत राहिली.

म्हणून निवड करायचीच झाली तर माझं उत्तर असं : मोठं व्हायला आधी रचना लागते, मोठं झाल्यावर बुडवते ती संस्कृती.

अमूल एवढं वाढलं, त्यात रचनेचा वाटा किती?

बराच. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १४ डिसेंबर १९४६ रोजी नोंदला गेला तेव्हा त्यात मोजक्या गावांच्या सोसायट्या होत्या. पुढे जे उभं राहिलं ते तीन मजली आहे. गावची सोसायटी दूध घेते, फॅट तपासते, पैसे देते. जिल्हा संघ दूध थंड करतो, त्याचं लोणी, भुकटी करतो. १९७३ मध्ये स्थापन झालेला राज्याचा महासंघ फक्त विकतो. गावाला भुकटीचा कारखाना झेपत नाही, एकट्या जिल्ह्याला देशभर जाहिरात झेपत नाही. जे खालच्या मजल्याला झेपत नाही तेवढंच वरचा करतो. आणि मालक तिन्ही ठिकाणी तेच, दूध घालणारे.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. त्रिभुवनदास पटेल निवडून आलेले अध्यक्ष होते, वर्गीस कुरियन पगारी व्यवस्थापक. शेतकऱ्यांना एकत्र ठेवणं आणि राजकारण्यांना दूर ठेवणं त्रिभुवनदासांकडे. यंत्रं, माणसं, बाजार कुरियन यांच्याकडे. कुरियन १९४९ मध्ये आणंदला आले तेव्हा केरळचा हा ख्रिस्ती इंजिनीअर ना गावचा होता, ना जातीचा. तरी अध्यक्षांनी त्यांच्या कामात बोट घातलं नाही. आपल्याकडे ‘बाहेरचा माणूस काहून ठेवला’ ही पहिली कुरकुर असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

१९७० पासून ऑपरेशन फ्लडमध्ये हाच आणंद नमुना राज्याराज्यांत नेला. कुठे छान रुजला. कर्नाटकात नंदिनी उभी राहिली. कुठे वर सरकारी अधिकारी बदलून येत राहिले, निवडणुका लांबल्या, आणि तीन मजले नुसते कागदावर राहिले. रचनेची नक्कल करता येते. अध्यक्षाने कामात बोट न घालण्याची सवय काही शासन निर्णयाने येत नाही.

मंग कापूस एकाधिकार योजना काहून बुडाली? तीबी तर कास्तकारासाठीच होती.

वऱ्हाडातल्या कोणत्याही बैठकीत हा प्रश्न येतोच, आणि पन्नाशीच्या पुढची माणसं तावातावाने बोलतात. आपल्या भागासाठी यापेक्षा चांगला धडा नाही, म्हणून जरा सविस्तर.

योजना १९७२ मध्ये सुरू झाली आणि सुमारे तीन दशकं चालली. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस योजनेलाच विकायचा, पणन महासंघाने खरेदी करायची, जिनिंग-प्रेसिंग करून गाठी विकायच्या. व्यापाऱ्याच्या लुटीतून सुटका हा हेतू खरा होता. बऱ्याच वर्षी शेतकऱ्याला फायदाही झाला.

आता निर्णय कुठे होत होते ते पाहा. भाव ठरायचा मुंबईत, आणि त्यात बाजारापेक्षा निवडणूक जास्त बोलायची. प्रत ठरायची खरेदी केंद्रावर, ग्रेडरच्या हातात, जिथे गाड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. तोटा व्हायचा तो सरकारच्या तिजोरीत. भाव ठरवणाऱ्याला तोटा सोसावा लागत नव्हता, तोटा सोसणाऱ्याच्या हाती प्रत नव्हती, आणि प्रत लावणाऱ्याला पुढे गाठ कोणत्या भावाने विकली गेली हे कळायचंही कारण नव्हतं. चुकीची बातमी चूक करणाऱ्याकडे परत येईल असा रस्ताच त्या रचनेत नव्हता.

शेतकरी मात्र हुशार. शेजारच्या राज्यात भाव चढला की पांढरकवड्याकडचा कापूस रातोरात आदिलाबादला जायचा. तिकडे पडला की तिकडचा इकडे यायचा. म्हणजे योजनेला महाग कापूस भरपूर मिळायचा आणि स्वस्त कापूस हातचा जायचा. त्यात चुकारे हप्त्याने आणि उशिरा, वर कपात. चुकारा लांबला की घरी लग्न असलेला माणूस खासगी व्यापाऱ्याकडे जाणारच, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तुमच्या कंपनीला लावून पाहा. तुरीचा भाव संचालक मंडळ ठरवतं, माल गावचा संचालक तपासतो आणि विक्री सीईओ करतो, असं असेल तर एकाधिकार योजनेची छोटी प्रत तुम्ही गावात चालवता आहात.

विदर्भात मोठ्या कंपनीची चांगली कार्यसंस्कृती कधी होती का?

होती, आणि देशात लवकर. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबईत गिरणी काढायची फॅशन असताना ते कापसाच्या शेजारी आले. व्यवस्थापक नेमले बेझनजी मेहता, जे रेल्वेतून आले होते. कापडगिरणीचा अनुभव नव्हता, माणसं हाताळण्याचा होता.

गिरणीची मोठी डोकेदुखी गैरहजेरी. पगार हाती आला की कामगार गायब. दंड वाढवणं सोपं होतं. त्याऐवजी बक्षिसं सुरू झाली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई. आठ तासांचा दिवस टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आला. देशाच्या कायद्यात तो १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आला. यंत्रांतही तीच वृत्ती दिसते. सूत कातायचं रिंग स्पिंडल नवं होतं, मोठमोठ्या गिरण्या हात लावत नव्हत्या, तेव्हा नागपुरात ते चालवून पाहिलं गेलं.

गिरणी आज नाही, तिच्या जागेवर मॉल आहे. यंत्रमाग, कृत्रिम धागा, सरकारी धोरणं आणि वेळेवर न झालेली गुंतवणूक यांनी देशभरच्या कापडगिरण्या गिळल्या. चांगली संस्कृती कंपनीला शंभर वर्षं पुरवते, पण धंदाच बदलला तर एकटी वाचवत नाही. हे मान्य न करता संस्कृतीचं कौतुक करणारे सल्लागार भेटतील. त्यांच्याकडून बिल आधी मागून घ्या.

आपल्याकडची माणसंच आळशी, वेळ पाळत नाहीत. तिथे संस्कृती काय करणार?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार दांड्या मारायचे, कामावर प्यायचे, तक्रारींचा ढीग. १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना नुम्मी या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार संघटना तीच, माणसं बहुतेक तीच. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जनरल मोटर्समधल्या सर्वोत्तम गाड्यांत मोजल्या जाऊ लागल्या.

काय बदललं? कामाच्या जागी वर एक दोरी आली. दोष दिसला की कोणत्याही कामगाराने ओढायची. गटप्रमुख धावत येतो, आणि तेवढ्यात नाही सुटलं तर लाइन थांबते. आधीच्या काळात लाइन थांबवणं हा गुन्हा होता, म्हणून बिघडलेल्या गाड्या पुढे ढकलायच्या आणि शेवटी अंगणात दुरुस्त करत बसायचं. दोरी ओढणाऱ्याला कुणी ‘का ओढलीस’ म्हणून झापलं नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग. जनरल मोटर्सला ही पद्धत आपल्या बाकी कारखान्यांत नेताना बरीच वर्षं लागली, कारण दोऱ्या बसवणं सोपं होतं आणि साहेबांचा स्वभाव बदलणं अवघड.

‘माणसंच तशी’ म्हणणारा बहुधा वरच्या खुर्चीत बसलेला असतो.

आमच्या कंपनीत अध्यक्षच सगळं पाह्यते. काम भराभर होते. मंग अडचण काय?

अध्यक्ष आजारी पडेपर्यंत काहीच नाही.

कायद्याने हे आधीच ओळखलं आहे. कंपनी कायद्यातल्या उत्पादक कंपन्यांच्या प्रकरणानुसार संचालक पाच ते पंधरा, सभासदाला शेअर कितीही असले तरी मत एक, मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी, आणि पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवाच, तोही सभासदांच्या बाहेरचा. मालकी आणि रोजचं काम वेगळं ठेवण्याची ही सोय आहे. आपण मात्र सीईओ नेमतो आणि त्याला अध्यक्षांच्या गाडीत मागे बसवतो.

कागदावर एक गोष्ट लिहून घ्या : किती रुपयांपर्यंत सीईओ एकटा निर्णय घेईल, कितीपर्यंत अध्यक्षांसह, आणि कधी मंडळ लागेल. आकडा कोणताही ठेवा, पण ठेवा. बाजार चढलेला असताना ‘भाऊंना विचारून सांगतो’ म्हणणाऱ्या कंपनीचा माल बहुधा उतरत्या भावात विकला जातो.

सीईओ अध्यक्षांचा पुतण्या आहे. चालेल का?

मुलगा हुशार असेल तरी अवघड. काकाला ‘काका, हा सौदा तोट्याचा आहे’ हे चार लोकांसमोर सांगणं आपल्या घरात शिकवलेलं नसतं. आणि तो बोलला तरी बाकी संचालकांना ते घरचं भांडण वाटतं.

पण खेड्यात सगळेच कुणाचे तरी पुतणे असतात, हेही खरं. नातं तोडता येत नाही, तेव्हा बोलण्याचं ओझं माणसावरून काढून फळ्यावर टाका. संकलन केंद्राबाहेर रोज लिहायचं : आजचा भाव, ओलाव्याची मर्यादा, किती क्विंटल आलं, किती परत गेलं, कुणाचा नव्हे तर एकूण किती चुकारा किती दिवसांपासून बाकी आहे. काट्याशेजारी वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवा, कुणीही ठेवून पाहावं. फळा काकांचा मान ठेवत नाही.

मीटिंगमध्ये सगळे ‘हो’ म्हणतात, बाहेर पानटपरीवर वेगळंच. यावर काय उपाय?

वर सांगितलेला ‘जीएम नॉड’ तो हाच. जनरल मोटर्सच्या डेट्रॉइटला पानटपरी नाही एवढाच फरक.

उपाय मात्र आपल्याच गडचिरोलीत आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तिथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते, पण त्याआधी अभ्यासगट बसतो. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नसतो, फक्त विषय समजून घ्यायचा, शंका काढायच्या, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं. निर्णय नसल्याने हरण्या-जिंकण्याचा प्रश्न नाही, त्यामुळे माणसं बोलतात. ग्रामसभेत एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. वेळ लागतो, पण ठरलेलं उलटत नाही.

कंपनीत एकाचा नकार धरून बसता येणार नाही, तूर काही सर्वसहमतीची वाट पाहत नाही. पण चर्चेची बैठक आणि ठरावाची बैठक वेगळी ठेवता येते. चर्चेत आधी तरुण संचालक आणि महिला संचालक बोलतील, अध्यक्ष शेवटी. अध्यक्ष आधी बोलले की बैठक तिथेच संपते, उरतो तो चहा.

टार्गेट दिल्याशिवाय माणसं काम करत नाहीत ना?

करतात. उलट टार्गेटच चुकीचं ठरवलं तर नको ते करतात. वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेत प्रत्येक ग्राहकाला आठ सेवा विकायच्या, असा धोशा होता. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये ते बाहेर आलं, १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढल्याचं बँकेने सांगितलं. आकडा रोज वर जात होता, म्हणून वरच्यांना सगळं छान दिसत होतं.

आपल्याकडे याचं रूप म्हणजे सभासदसंख्या. अनुदानाला सभासद हवेत म्हणून घरातली पाच नावं टाकायची, शेअरची रक्कम एकानेच भरायची. मग सर्वसाधारण सभेला गणपूर्ती होत नाही आणि सगळ्यांना आश्चर्य वाटतं. सभासद किती हे मोजू नका. या हंगामात किती सभासदांनी माल घातला ते मोजा.

साहेबच नको, सगळे समान, अशी कंपनी चालते का?

मालकी समान चालते, काम बिनठरावाचं चालत नाही. लिज्जतची सुरुवात १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. पापड लाटणारी प्रत्येक बाई मालकीण. पण पीठ कसं, पापड केवढा, तपासणार कोण, हे ठरलेलं; तिथे ‘मी मालकीण आहे’ चालत नाही.

वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोळसा खाणींची सरकारी कंपनी) ही कोल इंडियाच आहे का?

उपकंपनी आहे. मुख्यालय नागपूर, मूळ कंपनीचं कोलकाता. वणी, माजरी, बल्लारपूर, उमरेड असे ‘एरिया’ आणि एरियाखाली खाणी. यातली शिकण्यासारखी गोष्ट : एवढी उतरंड असूनही खाण कायद्याने प्रत्येक खाणीला एक जबाबदार मॅनेजर ठेवलाच आहे. खाणीतल्या सुरक्षेचं उत्तर त्याला द्यावं लागतं, समितीकडे बोट दाखवून भागत नाही. तुमच्या गोदामाला असा एक माणूस नेमा, दोन नको.

संस्कृती बदलायला किती वेळ लागतो?

पहिल्या प्रसंगापुरता. अध्यक्षांच्या घरचा ओला माल सगळ्यांसमोर परत गेला की पुढचं निम्मं काम झालं. परत गेला नाही, तर दहा प्रशिक्षणांनी काही होणार नाही.

तीन वर्षांचं प्रकल्पाचं अनुदान संपलं, सीईओ नागपूरला नोकरीला चालला. आता?

केंद्राच्या दहा हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेतून तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, आणि बऱ्याच कंपन्यांत सीईओचा पगार तेवढ्याच आधारावर चालतो. चौथ्या वर्षाचा पगार कोणत्या उलाढालीतून येणार, हा हिशोब पहिल्याच वर्षी मांडायला हवा होता. नसेल मांडला तर आता दोन गावांच्या कंपन्यांनी मिळून एक सीईओ ठेवण्याचा विचार करता येईल का, हे आपल्या सीएला विचारा. कायदा प्रत्येक कंपनीला पूर्णवेळ माणूस मागतो, त्यामुळे परस्पर ठरवू नका.

जाणाऱ्याला निरोपसमारंभ नंतर द्या. आधी त्याच्यासोबत बसून लिहून घ्या : खरेदीदार कोण, कुणाची उधारी बुडीत, कोणत्या व्यापाऱ्याशी कोणत्या अटी, परवाने कधी संपतात, गोदामाच्या चाव्या कुणाकडे. जीएसटी पोर्टलचा आणि बँकेचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो ते पाहा. त्याच्याच खासगी नंबरवर येत असेल तर बदलासाठी लागणारा ठराव तो असतानाच घ्या आणि त्याला सोबत घेऊन बँकेत जा.